उकंडरावांचा तोळा

मी रुपया बोलतोय. तुमच्या खिशातला तो हलका, पोलादी पोरगा नव्हे. अस्सल चांदीचा, एकोणीसशे एकोणचाळीस सालचा, विलायतेच्या राजाचा मुखडा मिरवणारा. माझ्या सालचे रुपये आता फार थोडे उरलेत, बाकीचे आटवले गेले. म्हणजे मी मोठा झालो तो गुणानं नव्हे, भाऊबंद खपले म्हणून. माणसांतही असे मोठे पुष्कळ पाहिले.

चलनातून बाद झालो आणि कामरगावच्या उकंडरावांच्या किराणा दुकानात तराजूत बसलो. रुपयाचं वजन एक तोळा, ते कोण बाद करणार? लवंग, वेलदोडा, हिंग, सगळं महागाचं वाण माझ्या भारानं विकलं जाई. त्याआधी उकंडरावांनी मला एका सोनाराकडे नेलं. त्यानं कानशीनं माझी कड घासली, मग बारीक कानशीनं कडेच्या रेघा पुन्हा पाडल्या, इतक्या सफाईनं की मलाच वाटावं, आपण जन्मतः असेच. निघालेली चांदीची भुकटी उकंडरावांनी पुडीत बांधून घरी आणली. काही वाया घालवायचं नाही, हा त्यांचा खरा गुण.

दुकानात माझा एक जाडा भाऊही होता, पाठीला शिसं चिकटवलेला. तांड्यावरच्या बाया डिंक विकायला आल्या की तराजूत तो बसे. त्याच बाया लवंगा घ्यायला वळल्या की मी. आणि भिंतीवर पाटी : ‘मापात पाप नाही’.

पुढं किलो आले, उकंडराव गेले, जाड्याला कुणी आटवलं, आणि मी लक्ष्मी म्हणून देव्हाऱ्यात बसलो. दर दिवाळीला हळदकुंकू. लबाडी म्हातारी झाली की तिला देवपण येतं, हे ऐकून होतो, अनुभवही घेतला.

आता दुकान नातू भागवत चालवतो. यंदा गावच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं, दुकानापुढच्या चौकाला प्रामाणिक व्यापारी म्हणून उकंडरावांचं नाव द्यायचं. भागवतची छाती फुगली. त्यानं भर बैठकीत सांगून टाकलं, “आजोबा ज्या रुपयानं मोजत, तोच मी काचेच्या पेटीत ठेवतो. साऱ्या गावानं पाहावा!” माझा फोटो मोबाइलवर गावभर फिरला. कुणीतरी कळवलं, हे साल दुर्मिळ आहे. मग भागवतला वाटलं, आजोबांच्या नावाखाली किंमतही लिहून टाकावी.

म्हणून आम्ही एसटीनं कारंज्याला, ज्योत्स्नाताईंच्या सराफी दुकानात आलो. बाईंना जुन्या नाण्यांची पारख दांडगी. कामरगावजवळच्या तांड्यावरची म्हातारी रुपाबाई तिथं पायातली कडी उजळायला देऊन बसली होती.

ज्योत्स्नाताईंनी भिंग लावलं. “सालातल्या आठाचा नऊ करून लई लोक येतात. तुमचा नऊ मात्र खरा आहे, भाऊ.”

“खराच राहीन न! आजोबाच्या हातचा हाये. सारी जिंदगी यानंच तोललं त्याईनं.”

बाईंनी मला काट्यावर ठेवलं. आकडा पाहिला, मला उचललं, पुन्हा ठेवलं. मग माझी कड बोटानं चाचपली आणि हसू दाबलं. “चांदी खरी, साल खरं. पण वजन कमी भरतं. कड घासून रेघा परत पाडल्यात. काम मात्र झ्याक केलंय.”

भागवतचा चेहरा ओल्या पापडासारखा झाला. “घासला? कोणं?”

“ज्याच्या तराजूत होता त्यानं,” कोपऱ्यातून रुपाबाई बोलली. “इतकं कायले दचकतं, भागवत? आमच्या तांड्यावर त याले उकंडतोळा म्हनत. माही माय सांगे, उकंडतोळ्यानं लवंगा आनल्या त दोन कमीच टाकजो भाजीत.”

“अन् तुमी काहून घेत होत्या मंग?”

“आमी बी डिंकात माती मिसळत होतो न, बाप्पा! तुहा आजा उगाच नाही शिसं लावे.”

ज्योत्स्नाताई मोठ्यानं हसल्या. भागवत हसला नाही. चार दिवसांवर कार्यक्रम. रुपया आजोबांचाच, हे गावभर सांगून बसलेला. न ठेवावा तर लोक विचारणार, ठेवावा तर एखादा जाणता कड पाहणार. मला मुठीत घट्ट धरून तो हळूच म्हणाला, “ताई, हा खोटा हाये असं सांगता येईन काय?”

“खऱ्याला खोटा म्हणायची मला सवय नाही, भाऊ.” बाई पुढे झुकल्या. “पण खोटाच आहे म्हणता, तर पाचशे रुपयात देऊन टाका मला.”

वा! म्हणजे घासलेला असूनही मी पाचशेच्या कितीतरी वरचा, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. भागवतलाही ते कळलं. त्यानं मला झटकन खिशात टाकलं.

कार्यक्रम थाटात झाला. उकंडरावांच्या फोटोला हार, मला काचेची पेटी. पेटीवर चिठ्ठी : ‘प्रामाणिक उकंडरावांना कोणीतरी दिलेला हाच तो खोटा रुपया.’ लोक वाचत, च्‌ च्‌ करत आणि फोटोला हात जोडत. भल्या माणसाला किती फसवलं हो!

रुपाबाईही आली. चिठ्ठी नातीकडून वाचून घेतली. मला पाहिलं, फोटो पाहिला, आणि भागवतला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “चोर हारात बसला, अन् कोंडून मातर याले ठेवलं.”

भागवतनं न ऐकल्यासारखं करून तिला दोन पेढे दिले. एक नातीला, एक तिला. पेढे अंमळ लहानच होते.

तेव्हापासून मी इथंच आहे. कधी कामरगावच्या उकंडराव चौकात आलात, तर चिठ्ठी वाचू नका. भागवतला एवढंच म्हणा, “भाऊ, हा रुपया जरा काट्यावर ठेवून दाखवता का?” आणि मग माझ्याकडे नका पाहू, त्याच्या तोंडाकडे पाहा.