मधले ठिपके

खाझामुलाने जीप थांबवली, मोपानीच्या झाडाच्या वाळक्या फांदीकडे बोट दाखवलं आणि धडधडीत खोटं सांगितलं.

"लाल चोचीचा धनेश."

फांदीवरच्या धनेशाची चोच पिवळीधमक होती. मागच्या बाकांवरच्या सफारीच्या पाहुण्यांनी दुर्बिणी डोळ्यांना लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. खाझामुलाने शेजारी बसलेल्या लेकीकडे चोरून पाहिलं. बोल की, पोरी.

न्येलेती मान खाली घालून म्हणाली, "बाबा म्हणतात म्हणजे लालच."

त्याने कपाळाला हात लावला. बाप बोलत असताना लेकीने चारचौघांत तोंड उघडायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण, आणि ते त्यानेच तिला लावलेलं. त्यापायी मागच्या फेरीत ती अख्खी सकाळ मूग गिळून बसली होती. म्हणून आज लॉजची मालकीण हेस्टरबाई स्वतः मागे येऊन बसली होती. आज पोरगी बोलली नाही तर गाइडचं काम विसरायचं आणि पुन्हा चादरींना इस्त्री करायची, असं तिने स्पष्ट बजावलं होतं. घरी खाझामुलाने लेकीला हज्जारदा सांगितलं होतं, बोलत जा म्हणून. "हो बाबा," म्हणून ती गप्प बसत होती.

पुढे आभाळात आखूड शेपटीचा गरुड डुलत चालला होता. खाझामुलाने त्याला गिधाड म्हटलं. म्हणताना जीभ जड झाली, कारण त्या रानात त्याच्या नजरेला तोड नव्हती आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे. पण लेकीसाठी नाक कापून घ्यायची त्याची तयारी होती.

"उन्हात तसं दिसतं खरं," न्येलेती म्हणाली.

"खाझामुला," मागून हेस्टरबाईचा आवाज आला, "चष्मा लागला की काय तुला?"

नदीकाठी सगळे पाय मोकळे करायला उतरले. खाझामुलाने कॉफी ओतली, टोस्ट वाटले. आता सोंग करायची इच्छाच उरली नव्हती. चाकाजवळच्या फुलावर नारिंगी फुलपाखरू बसलं होतं. एका पाहुणीने नाव विचारलं. त्याने नेहमीच्या सवयीने नजर टाकली.

"बिबळ्या कडवा. इथे पैशाला पासरी."

न्येलेतीने कप बॉनेटवर ठेवला.

"नाही, बाबा."

घरी बापाशी बोलताना टेकायची तसे तिने गुडघे टेकले, पण फुलापाशी. "कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात. हिला नाहीत. ही चांदवा नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. कडवा कडू, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. हिने नुसतं त्याचं सोंग घेतलंय."

खाझामुलाचे कान तापले. तो तावातावाने वाकला आणि तसाच वाकून राहिला. मधले ठिपके खरंच नव्हते. पाहुण्यांनी तिच्याभोवती गर्दी केली, प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि ती एकेकाला उत्तरं देत राहिली.

"उद्याची फेरी तिची," हेस्टरबाई म्हणाली. "तू फक्त गाडी चालव."

झोंबलं त्याला ते. पण छाती अशी काही भरून आली, की कुणी विचारलं नसताना तो पाहुणीला म्हणाला, "माझी मुलगी आहे ती."

परतीच्या वाटेवर त्याने आपल्या भाषेत हळूच विचारलं, "धनेशाच्या वेळी वाचा बसली होती का तुझी?"

"तुम्ही मुद्दाम चुकत होता. तुमचं नाक कापून मिळालेलं काम नको होतं मला."

"आणि मघाशी?"

"मघाशी तुम्ही खरंच चुकलात, बाबा."

वळणावर काटेरी झुडपात काहीतरी शीळ घालून गेलं. पाहुण्यांनी विचारलं, कोण ते? नाव खाझामुलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने इंजिन बंद केलं आणि तो लेकीकडे पाहत तोंड मिटून बसला.