त्याच्या शहराचं घड्याळ

आमच्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. भिंतभर घड्याळं, आणि गल्ल्यावर एक मुद्दाम चुकीच्या वेळेला लावलेलं. माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी ज्या शहरात गेला, तिथली वेळ ते दाखवायचं. इथे दुपार, तर तिथे मध्यरात्र. बाबांना निवांतपणा मिळायचा दुपारीच, आणि लेकाची आठवणही तेव्हाच यायची. फोन उचलायचे, त्या घड्याळाकडे बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. झोपला असेल बिचारा, म्हणायचे. मी चिडायचे. लाडोबाची एक दिवस झोपमोड झाली तर काय बिघडणार होतं?

त्या दिवशी दुपारी बाबा दुकानातच कोसळले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सरळच सांगितलं, संध्याकाळपर्यंत काढतील असं वाटत नाही, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवायचं कुणाला? एकुलता एक भाऊ, तो सातासमुद्रापार. विमानाचेच सोळा तास, मधे विमान बदलायचं ते वेगळं. कितीही आटापिटा केला तरी उद्याशिवाय पोचत नव्हता. तरी फोन लावला. बाबा चाललेत रे, एवढंच म्हणाले आणि रडू फुटलं. तो 'आलोच' म्हणाला. मला वाटलं, धक्क्यात माणूस काहीही बोलतो.

आत जाऊन मी बाबांच्या कानाशी सांगितलं, तो निघालाय, तेवढा दम धरा. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण माझं बोट घट्ट धरलं.

तासाभरात दार उघडलं. दारात भाऊ. हातात ना बॅग, ना कोट. अंगात हमालाचा निळा सदरा, केसांत भुसा, छाती भात्यासारखी वरखाली. खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. मग डोकं चालायला लागलं आणि पायाखालची जमीन सरकली.

मी त्याला बाहेर ओढलं. तिकडची नोकरी दीड वर्षापूर्वीच गेली होती. ज्याला सोडायला अख्खी गल्ली विमानतळावर गेली, तो कुठल्या तोंडाने परत येणार? म्हणून नदीपलीकडच्या गोदामात खोकी उचलत होता. आणि हा शहाणा घरी फोन करायचा तो तिकडची वेळ बघून. माझा हात उठला होता, पण तेवढ्यात आतून बाबांनी त्याला हाक मारली.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो, त्याला काय समजवायचं! भाऊ हुंदके देत माफी मागायला लागला. बाबांनी हातानेच त्याला थांबवलं आणि त्याच्या बाहीवरचा भुसा झटकला.

"म्हणजे दुपारी फोन केला असता, तर तू उचलला असतास?"

"हो, बाबा."

"किती दुपारी वाया घालवल्या रे मी."

तुम्ही नाही, ह्याने घालवल्या, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण बाबांनी त्याचा हात धरला होता, आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ उरला नव्हता.