फळ्याकडे पाठ

“फळ्याकडे पाठ करून बसवते म्हणजे काय? पोरगी आहे की कोपऱ्यात टेकवलेली केरसुणी?”

आजीने ब्रश रॉकेलच्या डब्यात असा खळखळला की चार थेंब बाहेर उडाले. सून शेजारीच एका बोर्डाला सोनेरी कड काढत होती. तिने हात थांबवला नाही.

“आई, काहीतरी कारण असेल. शाळेतल्या त्या बाई प्रत्येकाला वेगळं शिकवतात म्हणे.”

“वेगळं म्हणजे काय, ते मला नको सांगूस. डॉक्टरांच्या पोराला वेगळं आणि आपल्या पोरीला वेगळं. कुठेतरी पाणी मुरतंय.”

घरचा धंदा बोर्ड रंगवण्याचा. अक्षरांच्या कडा आधी आजीचे सासरे आखायचे, मग नवरा, आता मुलगा. आत रंग भरायचा तो मात्र आजीनेच. शाळेची पायरी ती जेमतेम चढली होती. पण तिने भरलेला रंग रेषेबाहेर गेला, असं दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. बारकीला, म्हणजे नातीला, तिनेच मांडीवर बसवून अक्षरं शिकवली होती. ती पोर फळ्यावरचं असं उतरवून आणायची की छापल्यासारखं वाटावं. आणि तिलाच फळा दिसू द्यायचा नाही?

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बोर्डाचा निळा रंग भरता भरता तिने ब्रश खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि कुणाला न सांगता शाळेत गेली. सांगून गेलं की लोक सावध होतात.

वर्गाचं दार मागच्या बाजूला होतं, उघडंच होतं. सगळी पोरं आजीला पाठमोरी होती. बारकी तेवढी तिच्याकडे तोंड करून, मांडीवर पाटी घेऊन बसलेली. आजीला पाहून तिचे डोळे मोठे झाले.

“या आजी, बसता?” बाई हसत दाराशी आल्या.

“उभीच बरी. उभ्याने जास्त दिसतं.”

विनाकारण हसणाऱ्या माणसावर आजीचा तसाही भरवसा नव्हता. तिने वर्गावरून नजर फिरवली. एक मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर पाटी ठेवून उभ्यानेच गणितं करत होती. दोघं एकमेकांच्या कानात वाचत होते. डॉक्टरांचा मुलगा नक्की पहिल्या बाकावर मिरवत असणार, म्हणून तिने तिकडे पाहिलं, तर तो बाक रिकामा. तो जमिनीवर फतकल मारून खडे मोजत होता, आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता.

आजीने नजर पुन्हा बारकीकडे वळवली. मग म्हणाली, “आमच्या पोरीने काय गुन्हा केलाय?”

बाईंनी आवाज खाली आणला. “आजी, तुमच्याकडे अक्षर वरच्या रेघेपासून सुरू करतात का हो?”

“मग कुठून करणार? आधी रेघ मारायची, मग अक्षरं तिला टांगायची. नाहीतर ओळ वाकडी जाते.”

“बारकीही तसंच करते. फार सुरेख उतरवते. एकदा मी विचारलं, काय लिहिलंस? तर म्हणाली, गोल आहे, मग काठी आहे, मग शेपूट आहे.”

आजीच्या कपाळावरची शीर तटतटली. “पोरगी ढ आहे, असं सरळ म्हणा ना. आडून कशाला?”

“ढ असती तर इतकं हुबेहूब उतरवलं असतं का? बघून काढता येतंय, म्हणून तिला वाचायची गरजच पडत नाही. म्हणून मी फळा तिच्या मागे ठेवला. आता ती आधी तोंडाने म्हणते आणि मग लिहिते.”

आजीने आपल्या हातांकडे पाहिलं. दवाखान्याच्या बोर्डाचा निळा रंग अजून तिच्या नखांत होता. सकाळपासून तीन अक्षरं भरून झाली होती. त्यांतलं मधलं कोणतं, हे बाईंनी आत्ता विचारलं असतं तर? तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“बारके, झालं लिहून? वाच बघू,” बाई म्हणाल्या.

बारकी पाटीवर बोट ठेवून उभी राहिली. “आ... आजी दा... दारात उभी आहे. आजी चि... चिडली आहे. घरी रंग वा... वाळेल.”

सगळा वर्ग मागे वळून खिदळला. आजी तरातरा बाकांमधून गेली आणि तिने पाटी हातात घेतली. एक अक्षर हत्तीएवढं, शेजारचं मुंगीएवढं. वरची रेघ निम्म्यातच संपलेली. तिने फळ्याकडे पाहिलं. तिथे नदीचं चित्र होतं, खाली दोन ओळी. बोटाने हवेत गिरवत तिने त्यांतला एकेक आकार पाटीशी ताडून पाहिला. जुळेना. मग शेजारच्या मुलीच्या पाटीत डोकावली. तिथे नुसती बेरीज.

“हे कुणी सांगितलं तुला लिहायला?”

“कुणी नाही. मला समोर तूच दिसत होतीस.”

त्या निम्म्या रेघेकडे आजीचा अंगठा सवयीने गेला आणि अधांतरी थांबला. तिने पाटी फिरवली आणि ओला बोर्ड धरावा तशी फक्त कडांना धरून नातीच्या हातात दिली.

दारापर्यंत जाऊन ती वळली. बाई तिच्याकडेच पाहत होत्या.

“अक्षराचं पार वाटोळं केलंत तुम्ही, बाई,” ती म्हणाली. “उद्याही तिला तशीच बसवा.”