एका बाईची दोन नावे

फाल्गुन सरत आला होता. पानमळ्याच्या कडेचे पांगारे पाने ढाळून रक्तपुष्पांनी पेटले होते. आत, शेवरीच्या विरळ सावलीत, नागवेलींची हरितगर्द दुनिया गार, ओली, निवांत पसरली होती. वर तांबडे, खाली हिरवे, आणि मधून झिरपणारे पोपटी, कोवळे, सुगंधी ऊन. सकाळ अशी सुंदर, की पाटाचे पाणीही जरा जपूनच वाहत होते.

मळ्याला लागूनच आप्पांचे घर. घरात झेंडूच्या माळांनी सजलेला पाळणा, आणि पाळण्यात निजलेली त्यांची नात. नितळ, नवजात, निनावी. मूठ मिटलेली, ओठ किंचित उघडलेले, कपाळावर काजळाची तीट. आज तिचे बारसे होते.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि आत्या होती आप्पांची थोरली लेक शैलजा. तिच्यापुढे नावे दोन होती. वसुंधरा आणि मंजुळा. नवल असे, की दोन्ही नावे एकाच बाईची होती. तिच्या आईची.

माहेरी आई मंजुळा होती. लग्नात ताटभर तांदळांवर आप्पांनी अंगठीने वसुंधरा लिहिले, बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि मंजुळा तिथेच संपली. गेल्या वर्षी वसुंधराही गेली.

आप्पांनी आपली इच्छा चारचौघांत सांगून टाकली होती: नातीचे नाव वसुंधराच. भाऊ धैर्यशील वडिलांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. बाळंतीण ऋतुजा मात्र काल हळूच म्हणाली होती, "वन्सं, दोन्ही नावं आईंचीच आहेत. तुमच्या तोंडून येईल ते माझं."

आणि शैलजाला रात्रभर झोप लागली नव्हती.

आईला पाहावे ते पानमळ्यात. उंच, सावळी, सरळ. पदर कमरेला खोचलेला, बोटे पानांच्या रसाने हिरवी. नागवेल फार वर गेली की ती खाली उतरवायची, तिचे वेटोळे मातीत पुरायचे, म्हणजे नवा फुटवा येतो. हे काम नाजूक. जरा हिसडा बसला की वेल तुटलीच. आई ती अशी उतरवी, की जणू झोपलेले मूल खांद्यावरून अंथरुणावर ठेवते आहे. आणि हसायची तर अशी, की पलीकडच्या वाफ्यातल्या बायकांना कारण न कळताच हसू फुटे. काय बाई होती ती. तिच्यासारखी बाई या पंचक्रोशीत पुन्हा झाली नाही, असे शैलजाचे मत होते, आणि ते बदलण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे.

त्या मळ्यात एकदा, शैलजा परकरी पोर असताना, बांधावरून एक अनोळखी बाई हाका मारत आली होती. "मंजुळेऽ! अगं मंजुळे!" कुणीच वळले नाही. वळली ती आई. हातातली वेल तशीच लोंबती सोडून ती धावली. चिखलातून, पाटातून, अनवाणी, आनंदवेडी. आईला धावता येते, हे शैलजाला तोवर ठाऊकच नव्हते. माहेरची मैत्रीण होती ती. दोघी गळ्यात गळा घालून हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या.

संध्याकाळी शैलजाने विचारले, "आई, मंजुळा कोण गं?"

आई चुलीपुढे बसली होती. "हुती एक पोर," ती म्हणाली, आणि तिने तव्यावरची भाकरी उलथली.

त्या तीन शब्दांतले दुःख शैलजाला आज कळत होते, पाळण्याची दोरी हातात असताना. वसुंधरा हे नाव भिंतीवरच्या तसबिरीखाली होते, रेशनकार्डावर होते, आप्पांच्या मनात होते. मंजुळा कुठेच नव्हती. आज ते नाव उच्चारले नाही, तर ते जगातून पुरते पुसले जाणार होते. आणि उच्चारले, तर एकट्या पडलेल्या आप्पांच्या हातून त्यांची वसुंधरा दुसऱ्यांदा हिरावल्यासारखे होणार होते. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत.

दारात आंब्याचे तोरण, आत घुगऱ्यांचा वाफाळता वास, समईची सोनसळी ज्योत. सुवासिनी पाळण्याभोवती जमल्या. "मुलगा झाला असता तर पणजोबांचं नाव तयारच होतं," चुलतकाकू म्हणाल्या. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका नसतं का म्हटलं?" शैलजाने हसत उत्तर दिले, आणि घरभर खसखस पिकली. पण कोणते नाव घ्यायचे, हे तिचे अजून ठरले नव्हते.

ती पाळण्यावर वाकली. लगेच तिच्या पाठीवर बायकांचे बुक्के बरसू लागले. नाव सांगणाऱ्या आत्याला बडवायचेच, हा आपल्याकडचा कायदा आहे, आणि तो मोडल्याचे कुणी ऐकलेले नाही.

इवलासा कान. गुलाबी, लवलवीत, अस्पर्श. अजून एकही नाव न शिरलेला, अजून कुणाचीही हाक न ओळखणारा. त्या कानाकडे पाहताना शैलजाला एकच गोष्ट दिसली: चिखलातून, पाटातून, आनंदाने धावत सुटलेली आई. असे धावायला लावणारे नाव या पोरीला मिळावे, असे तिला वाटले. फार वाटले.

"कुर्रर्र," ती कानाशी म्हणाली. मग सरळ उभी राहिली.

"मंजुळा."

बुक्के थांबले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "हे कुठलं काढलंस?" कुणीतरी पुटपुटले. धैर्यशील वडिलांकडे पाहू लागला. दाराशी खुर्चीत बसलेले आप्पा काठीवर भार देत उठले.

आप्पा पाळण्यापाशी आले. झेंडूची माळ जरा बाजूला सारून त्यांनी नातीचा चेहरा पाहिला.

"तिला बघाय गेलो हुतो," ते म्हणाले, "तवा आतनं कुणीतरी हाक मारली, मंजुळे म्हणून. ती वळली. तेवढं वळणं बघून मी होकार दिला. आन् त्येच नाव मी पुसलं. वसुंधरा हौसेनं काढलं, पर त्या नावानं हाक एकदाबी मारली न्हाई. अगं, ऐकलंस का... ह्यातच तिचा जलम गेला."

ऋतुजाने डोळ्यांना पदर लावला.

मग आप्पा वाकले. मळ्याच्या मातीत रापलेला, सुरकुतलेला हात त्यांनी पाळण्याच्या कडेवर ठेवला, आणि ज्या माणसाने आयुष्यात आपल्या बायकोला नावाने कधी बोलावले नव्हते, त्या माणसाने हाक मारली.

"मंजुळे."

पाळण्यातल्या जिवाला ओ देणे कुठले माहीत? ती आपली मुठी मिटून, ओठ मुडपून, निवांत निजलेली. हाक तशीच राहिली, भरल्या घरात, ताटकळत.

तेव्हा शैलजाने, मंजुळेच्या लेकीने, मंजुळेच्या आत्याने, हलकेच ओ दिली.

आप्पांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली. हाक आणि ओ, हाक आणि ओ; आणि त्या दोहोंच्या मधे, झेंडूच्या माळांखाली, मंद, मंद, पाळणा हलत राहिला.