दहा मिनिटांचं पाणी

जहाजावर जाताना माणसं काय विसरतात याची शिनरूने एक यादी केली होती, आणि ती तीन आठवडे फ्रिजच्या दारावर लटकत होती. पासपोर्ट, कपडे, टोप्या असलं काही तीत नव्हतंच. ते कुणी विसरत नाही. होतं ते भलतंच. जहाजाच्या खोल्यांच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून लोहचुंबकाचे हूक. खोलीला खिडकी नसली की दिवा मालवल्यावर स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून प्लगमध्ये खोचायचा इवलासा दिवा. कपड्यांचे चिमटे. उलटीच्या गोळ्या, आणि गोळ्या पोटात टिकल्या नाहीत तर आल्याच्या वड्या. पोहताना घालायचे वेगळे डायपर, कारण साध्या डायपरमधल्या पोराला तलावात उतरूच देत नाहीत. पहिल्या दुपारचे कपडे हातातल्या पिशवीत, कारण बंदरावर हमाल सूटकेस नेतात त्या जेवणाची वेळ झाल्याशिवाय खोलीवर पोचत नाहीत.

"प्रवासाला निघालीयेस की घर हलवतेयस?" नणंद लीफेन यादी वाचून म्हणाली.

"तुम्हाला लागेल तेव्हा मागू नका म्हणजे झालं."

"मी कशाला मागू? मी पाच दिवस खाणार, झोपणार, आणि पाच दिवसांनी परत येणार."

यादीतलं शेवटचं होतं रुईच्या मापाचं लाइफ जॅकेट. रुई पावणेतीन वर्षांची. जहाजावर पोरांची जॅकेटं असतात, ते शिनरूने फोन करून विचारून घेतलं होतं. पण लीफेनने फुकेतला आणि लांगकावीला छोट्या होड्यांचं बुकिंग केलं होतं, आणि त्या होड्यांत काय असेल आणि काय नसेल ते नाववालाच जाणे. म्हणून तिने नारिंगी रंगाचं जॅकेट आणलं, आंघोळीच्या टबात रुईला घालून पाहिलं, वाळवलं, घडी करून एका निळ्या कापडी पिशवीत कोंबलं आणि दोरी ओढून गाठ मारली.

सासूबाईंनी ते नेमकं पाहिलं.

"हे कशाला?"

"रुईला, मा. छोट्या नावेत लागलं तर."

"तुझ्या सासऱ्यांच्या सत्तरीला निघालोय आपण. आणि तू तसला सदरा बरोबर घेणार?"

"तसला म्हणजे कसला?"

"ते तोंडाने बोलायचं नसतं. पांतांग असतं, अशुभ." सासूबाई पोंगोलच्या कोळ्यांच्या घरात वाढलेल्या. त्यांच्या ताटात मासा कधी उलटा होत नसे. वरची बाजू खाऊन झाली की काटा उचलून खालची खायची. उलटा मासा म्हणजे उलटी नाव. शिनरू लग्न होऊन आंग मो किओ भागातल्या या फ्लॅटमध्ये आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने मासा पलटला होता, आणि त्या जेवणाची आठवण तिला अजून दर महिन्याला करून दिली जाई. "संकट बोलावून घ्यायची हौस असते काही जणांना. वाढदिवसाच्या बॅगेत औषधं काय, पट्ट्या काय. आता हे."

"मा, हे तरंगायला असतं."

"तेच. न घसरणाऱ्याला काठी कशाला?"

शिनरूने पिशवी बॅगेत ठेवली आणि चेन ओढली. नवरा काइवेन चपलांच्या कपाटापाशी उभा होता. तो कुणाच्याच बाजूने नव्हता, आणि ते त्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने उत्तम जमायचं.

जहाजावरचे पहिले दोन दिवस यादीने आपला हक्क वसूल केला. लीफेनचा ओला पोहण्याचा पोशाख शिनरूच्या हुकावर लटकला. सासऱ्यांना दुसऱ्या दुपारी मळमळलं आणि त्यांनी आल्याच्या वड्यांचा डबा स्वतःच्या खिशात घातला तो घातलाच. इवल्या दिव्यामुळे काइवेनचा अंगठा टेबलाच्या पायावर आपटला नाही, असं त्यानेच सांगितलं.  दिवसातून दोनदा शिनरू बॅगेवर हात फिरवून बघे. निळी पिशवी टम्म, जागच्या जागी. हे तिने चार वेळा केलं. चारही वेळा तिने पिशवी बाहेरूनच चाचपली, आतून उघडली नाही. याबद्दल पुढे तिने स्वतःला बरंच सुनावलं.

तिसऱ्या दिवशी फुकेत. बंदरावर गाडी आली आणि पाऊण तासात सगळे पूर्वेकडच्या एका छोट्या लाकडी धक्क्यावर पोचले. समोर खाडीत पत्र्याच्या छपराचं तरंगतं हॉटेल. त्याच्या जाळ्यांत मासे जिवंत पोहत असतात. बोट दाखवायचं, ते उचलतात आणि शिजवतात. सासऱ्यांचं सत्तरीचं जेवण तिथे ठरलं होतं. दीर्घायुष्याच्या लांबलचक शेवया आधीच सांगून ठेवल्या होत्या, न तोडता शिजवा असं बजावून. धक्क्यापासून हॉटेलपर्यंत लांब दांड्याच्या इंजिनाची एक लाकडी नाव जायची. नाववाल्याचं नाव दोलोह. लीफेन त्याला 'बांग' म्हणत होती, म्हणजे दादा.

"दहा मिनिटं," दोलोह मोडक्या इंग्रजीत म्हणाला आणि दहा बोटं दाखवली.

शिनरूने बॅग खाली ठेवली, निळी पिशवी काढली, गाठ सोडली. आतून एक लाल टॉवेल निघाला. नवा कोरा, घट्ट गुंडाळी केलेला, कडेला सोनेरी धाग्याने दीर्घायुष्याची अक्षरं. असले टॉवेल वाढदिवसाला वाटतात.

ती गुडघ्यांवर बसली होती ती तशीच राहिली. मग मान वर करून तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई समुद्राकडे पाहत होत्या.

"मा, जॅकेट कुठेय?"

"घरी. चपलांच्या कपाटामागे. कुठे जाणार नाही ते."

"तुम्ही काढलंत?"

"काढलं. शुभ कामाला लाल न्यायचं असतं. उलट तुझं ओझं कमी केलं."

लीफेन हसली. काइवेनने खिशातून फोन काढून परत खिशात ठेवला.

शिनरू उठून दोलोहकडे गेली. नावेत जॅकेटांचा ढीग होता, सगळी मोठ्या माणसांची. लहान आहे का, असं तिने हाताने उंची दाखवून विचारलं. दोलोहने नाही म्हणून मान हलवली, मग त्यातल्या त्यात लहान दिसणारं एक उचलून रुईच्या गळ्यात घातलं आणि पट्टा तिच्याभोवती दोनदा गुंडाळला. त्याचा हेतू चांगला होता. रुई त्या जॅकेटात हनुवटीपर्यंत बुडून खुदूखुदू हसत होती.

"झालं काम," लीफेन म्हणाली. "चला, मासे म्हातारे होतील."

शिनरूने जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरलं आणि वर उचललं. जॅकेट वर आलं. रुई आली नाही. ती खालून अलगद निसटली आणि धक्क्याच्या फळ्यांवर बसली. "पुन्हा," ती म्हणाली.

शिनरूने पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोलोहने ते पाहिलं आणि जॅकेट परत नावेत टाकलं.

"रुई आणि मी इथेच थांबतो," शिनरू म्हणाली. "तुम्ही जाऊन या."

"म्हणजे?" लीफेनने विचारलं.

"म्हणजे इथेच. या बाकावर."

"अगं, पाणी बघ तरी. ताटलीत ओतल्यासारखं आहे. दहा मिनिटं, शिनरू. लिफ्टची वाट बघायला जास्त लागतात आपल्याकडे."

"मी तिला मांडीवर घट्ट धरतो," काइवेन म्हणाला. "दोन्ही हातांनी."

"आणि तुला कोण धरणार?"

 काइवेन नावेच्या टोकाकडे पाहू लागला. तिथे दोलोहने शकुनासाठी रंगीत फिती बांधल्या होत्या.

आता सासूबाई वळल्या. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती. त्या आवाज खाली आणत, आणि मग सगळ्यांना ऐकण्यासाठी जवळ यावं लागे. "माझ्या बापाच्या घरी पोरं चालायच्या आधी नावेत बसायची. माझ्या आईने मला ओटीत बांधून जाळी ओढलीत. तेव्हा कुणी असले सदरे शिवले नव्हते. आज तुझ्या सासऱ्यांचा दिवस आहे. त्यांची एकुलती एक नात त्यांच्या पानाशी नको? लोक काय म्हणतील, सून रुसून धक्क्यावर बसली?"

"मी रुसले नाही, मा."

"मग चल."

"नाही."

"सगळ्या जगाची पोरं त्या नावेतून जातात."

"जाऊ देत. माझी जाणार नाही. ती पाण्यात पडली तर दहा मिनिटं लागत नाहीत, मा. मोठ्या माणसाने चष्मा शोधेपर्यंत संपतं. ती बुडेल. हो, बुडेल. मी बोलले तो शब्द. पा, आज तुमचा वाढदिवस आहे, माफ करा, पण कुणीतरी बोलायला हवा होता. न बोलल्याने पाणी उथळ होत नाही."

लीफेनने हात तोंडावर नेला. सासूबाईंनी लगेच डावीकडे तोंड वळवून तीनदा थुंकल्यासारखं केलं, शब्द धुऊन टाकायला.   पाच वर्षांत या घरात शिनरूने इतकं लांब वाक्य सलग कधी पूर्ण केलं नव्हतं. मधे कुणीतरी बोलायचंच.

सासरे आतापर्यंत आल्याची वडी चघळत होते. त्यांनी ती गिळली. "मला सत्तर वर्षं झाली," ते म्हणाले, "आणि भूक लागलीय. ज्याला यायचंय त्याने यावं."

ते दोलोहच्या हाताला धरून नावेत उतरले. मागोमाग लीफेन. सासूबाई शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, सून वितळेल या आशेने. मग त्याही उतरल्या. काइवेन एक पाय धक्क्यावर आणि एक पाय नावेत असा उभा होता.

"जा," शिनरू त्याला म्हणाली. "तुझ्या वडिलांचा दिवस आहे. मी मनापासून सांगतेय. पण तिला मात्र मागू नको."

तो गेला. इंजिन तडतडलं, लांब दांडा पाण्यात उतरला, फिती फडफडल्या.

धक्क्यावरच्या टपरीतून शिनरूने भात आणि अंड्याचं ऑम्लेट घेतलं. रुईने अंडं खाल्लं आणि भात मुंग्यांना वाटला. शिनरूची नजर नावेवरच होती. नाव हळूहळू लहान झाली, हॉटेलाला लागली, चार ठिपके वर चढले. काही झालं नाही. होणारही नव्हतं बहुतेक, हे तिला ठाऊक होतं. ती शिकलेली होती, शंभरात किती वेळा काय होतं याचा अंदाज तिला होता. नाव सुखरूप पोचल्याचं तिला बरंच वाटलं. कुणी पाण्यात पडल्यावरच ती बरोबर ठरणार असेल, तर तिला बरोबर ठरायचंच नव्हतं. लोकांनी तिला खुशाल घाबरट म्हणावं. घाबरट बाईचं मूल बाकावर बसून मुंग्यांना 'जेवा, जेवा' म्हणत होतं.

दोन तासांनी ते परतले. सासूबाईंनी शेवयांचा डबा आणला होता.

"बघ," त्या म्हणाल्या. "जाऊन आलो. काय झालं?"

"काही नाही झालं, मा. बरं झालं."

"मग?"

"मग उद्या लांगकावीलाही मी तिला तशी बसवणार नाही. आणि परवाही नाही."

सासऱ्यांनी डबा उघडून रुईच्या तोंडात एक शेवई घातली. ती लांबत लांबत गेली, रुई ती ओढत राहिली. "मासा कोरडा होता," ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. "तुझं फार काही हुकलं नाही."

गाडी बंदराकडे निघाली. जहाज सुटायला अजून अडीच तास होते. वाटेत पोहण्याच्या सामानाचं एक दुकान दिसताच शिनरूने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "इथे थांबवा."

"आता काय?" लीफेन म्हणाली. "जहाज सुटेल."

"नाही सुटणार. आणि सुटलंच तर माझी यादी वाचा. जहाज चुकलं तर कुणाला फोन करायचा ते लिहिलंय."

दुकानात पोरांची जॅकेटं एका दांडीला टांगलेली होती. शिनरूने एक घालून पाहिलं, पायांमधला पट्टा आवळला, खांद्यांना धरून रुईला उचललं. निसटली. दुसरं घातलं, तेही सैल. दुकानदारीण हसू दाबत होती. तिसऱ्याला रुई जॅकेटासकट वर आली आणि हवेत पाय मारू लागली. शिनरूने तिला तसंच धरून ठेवलं, दंड दुखेपर्यंत, मनात वीस मोजून.

दारात सावली पडली. सासूबाई गाडीतून उतरून आल्या होत्या. त्यांनी नातीकडे पाहिलं, मग जॅकेटाच्या पट्ट्यांकडे, मग दांडीकडे.

"घ्यायचंच आहे तर हे नको," त्या म्हणाल्या. "लाल आहे तिकडे."

"पाण्यात लाल काळपट दिसतं, मा. हे नारिंगी लांबून दिसतं."

"हट्टी आहेस."

"आहे."

 सासूबाईंनी लाल जॅकेट दांडीवरून काढलं, दोन्ही हातांनी ताणून शिवण पाहिली, एका कोपऱ्यात सुटलेला दोरा बोटाला गुंडाळून तोडला आणि ते परत टांगलं. "शिवण कच्ची आहे याची," त्या म्हणाल्या. "तुझ्याची बघितलीस का?"

"बघितली."

"पुन्हा बघ," असं म्हणून त्यांनी रुईला स्वतःकडे ओढलं, खाली वाकल्या आणि पायांमधला पट्टा स्वतः एकदा खेचून पाहिला.