आई रजेवर

"अगं आई, अख्खं नाट्यगृह तू चहापावडरीच्या पोटात घातलंयस!" मुकादमने कपाळाला हात लावला.

मुकादम म्हणजे त्या गाद्या-सोफ्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंची एकुलती एक लेक. नाव आईनेच ठेवलेलं. लहानपणी ही पोर बाहुल्यांनासुद्धा कामं वाटून द्यायची आणि कामचुकार बाहुलीला कपाटावर बसवायची, तेव्हापासून ते चिकटलं. पुढे तिने शिक्षणही कामं लावण्याचंच घेतलं, दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि शेवटी फिरून आईच्याच कारखान्यात येऊन बसली. आल्या आल्या तिने भिंतीवरच्या चिठ्ठ्या उतरवल्या आणि कामांची मांडणी करणारं एक सॉफ्टवेअर आणलं. कुठलं काम कुणाकडे, कधीपर्यंत, कुठवर आलं, सगळं पडद्यावर दिसायचं. आईला मात्र त्यात फक्त विनोद दिसायचे.

"नीट बघ," मुकादम म्हणाली. "'नाट्यगृहाच्या पुढच्या रांगा' हे मुख्य काम. जुनं कापड उसवणं, स्प्रिंगा तपासणं, फोम बसवणं ही त्याची पोटकामं. ती मुख्य कामाच्या खाली, थोडी आत सरकवायची."

"पोटकामं!" आईने चष्मा वर केला. "म्हणजे मुख्य कामाला दिवस गेलेत म्हणायचे."

पलीकडच्या टेबलावर मास्तर कापड बेतत होते. ते म्हणाले, "बाई, हसवू नका. कात्री तिरकी जातेय."

"आणि तू काय केलंस? 'चहापावडर आणणे' हे मुख्य काम, आणि त्याच्या पोटात नाट्यगृह."

"मग चुकलं काय? चहा नाही तर खुर्च्या कुठल्या? विचार मास्तरांना."

"मला मध्ये घेऊ नका," मास्तर म्हणाले. "पण बाईंचं बरोबर आहे."

मुकादमने नाट्यगृह चहापावडरीच्या पोटातून बाहेर काढलं. तसं हे रोजचंच होतं. आधी आई एखादं काम करण्याआधीच 'पूर्ण झालं' अशी खूण करून मोकळी व्हायची. "उद्या करणारच आहे की, मेलं कुठे पळून जातंय?" पुढे पुढे तिने खुणा करायच्याच सोडल्या आणि तेही लेकीच्या गळ्यात टाकलं. मग मुकादमने सॉफ्टवेअरमध्ये नियमच घातला: ज्याच्या नावावर काम, त्यानेच खूण करायची, आणि सगळी पोटकामं झाल्याशिवाय मुख्य काम बंद होणार नाही. नियम घातल्यावर तिला बरं वाटलं. नियम घातल्यावर तिला नेहमीच बरं वाटायचं.

आईच्या नावावर प्रत्येक रांगेत शेवटचं पोटकाम असायचं, 'बसून बघणे'. खुर्ची तयार झाली की आई तिच्यात बसायची. नुसती टेकायची नाही. मागे रेलायची, पाय लांब करायची, कूस बदलायची, कधी एक डुलकी काढायची. "नाटक कितीही रद्दड असो, माणूस शेवटपर्यंत बसला पाहिजे," असं तिचं म्हणणं. शेजारच्या शहरातल्या त्या नाट्यगृहाच्या मॅनेजरांना ही तऱ्हा इतकी आवडली होती, की त्यांनी करारातच लिहून घेतलं होतं: बाईंनी बसून बघितल्यावरच आम्ही सही करू.

संध्याकाळी आई म्हणाली, "मुकादम, दिवे घालव. मी पुढे होते, पायात गोळे आलेत." घरी भाजी जरा खारट झाली होती. मीठ कुणी दोनदा घातलं यावर दोघींचं थोडं वाजलं. मग आई झोपायला गेली. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

फोन सगळे मामाने केले. मुकादमला एकही करावा लागला नाही. ती खुर्चीत ताठ बसली होती आणि मामा पलीकडच्या खोलीतून एकेका नातेवाइकाला तेच वाक्य सांगत होता. तिने दार लोटून घेतलं आणि लॅपटॉप उघडला.

तिने एक नवं मुख्य काम उघडलं. त्याला नाव काय द्यायचं हे सुचेना, म्हणून 'घरगुती' असं दिलं. त्याखाली पोटकामं घातली. दाखला. बँक. गॅसची जोडणी. औषधांच्या दुकानात कळवणे. काम मोठं असलं की त्याचे तुकडे करावेत आणि तुकड्यांकडेच बघावं, हे ती चार लोकांना शिकवत आलेली. तुकडे इतके बारीक केले की त्यातल्या कशालाच धार उरली नाही. बँकेत गेली, दाखला आणला, औषधांच्या दुकानातल्या माणसाला "आता ती गोळी लागणार नाही" असं सांगून आली. तो म्हणाला, "वा, बरं वाटतंय का बाईंना?" ती म्हणाली, "हं."

"बाळ, जरा रड तरी," मामा म्हणाला.

"नंतर, मामा."

"त्याचीपण तारीख टाकलीयस का?"

दोघंही हसली. मामा हसता हसता रडला आणि ती त्याच्यासाठी पाणी आणायला उठली.

एकच पोटकाम पुढे पुढे सरकत होतं, 'गिऱ्हाइकांना कळवणे'. रोज सकाळी ती त्याची तारीख उद्यावर ढकलायची. फोन आला, "बाई आहेत का?" की ती म्हणायची, "नाहीत." यात खोटं काही नव्हतं. कुणी विचारलं, "बाहेर गेल्यात का?" तर म्हणायची, "गेलीय." यातही नव्हतं. मराठीने या एका गोष्टीवर इतकी आच्छादनं शिवून ठेवली आहेत, की माणूस खरं बोलत बोलत आयुष्य काढू शकतो. मास्तर हे सगळं ऐकायचे आणि कात्री चालवत राहायचे.

सॉफ्टवेअरला मात्र आच्छादनं कळत नव्हती. पुढच्या रांगांचं सगळं काम संपलं होतं. उसवलं, शिवलं, ठोकलं. उरलं होतं फक्त 'बसून बघणे', आईच्या नावावर. रोज सकाळी पडद्यावर यायचं: 'आई यांचे काम लांबले आहे. आठवण पाठवली.' मग घरात, आईच्या खोलीत, तिचा फोन टिंग करायचा. मुकादमनेच तो चार्ज करून ठेवलेला असायचा.

एका सकाळी तिने मन घट्ट केलं आणि यादीतून आईचं नाव काढायला घेतलं. सॉफ्टवेअरने कारण विचारलं आणि पर्याय दिले: 'संस्था सोडली', 'बदली झाली', 'रजेवर'. जे झालं होतं, ते त्यात नव्हतं. तिने 'संस्था सोडली' वर बोट ठेवलं. खाली लाल अक्षरांत सूचना आली: या व्यक्तीच्या सर्व पूर्ण कामांवर यापुढे 'माजी सदस्य' असे दिसेल. तिने बोट उचललं. मग 'रजेवर' निवडलं. परतीची तारीख? तिथे 'ठरलेली नाही' असाही पर्याय होता. तो तिला फार समजूतदार वाटला.

आता घोटाळा असा, की नाट्यगृहाचे मॅनेजर ही मांडणी त्यांच्याकडून बघू शकत होते. मुकादमनेच तशी सोय करून दिली होती, पारदर्शकता म्हणून. दुपारी त्यांचा फोन आला.

"काय हो, बाई रजेवर?"

"हो."

"आमचा पडदा उघडायला आला आणि बाई रजेवर? कधी येणार?"

"ठरलेलं नाही," मुकादम म्हणाली.

"अरे वा! मजा आहे बुवा. मला वाटलं होतं, बाई म्हणजे शब्दाच्या पक्क्या. लोक सांगतच होते, त्यांनी दुसरं मोठं काम धरलंय म्हणून. मी म्हटलं, छे, आमच्या बाई तशा नव्हेत. आता बघा. उद्या रांगा घेऊन या. बाई असल्या तर सही, नाहीतर बाल्कनीच्या खुर्च्यांचं पुढचं काम मी दुसरीकडे देतो."

फोन ठेवल्यावर मास्तर या सगळ्याबद्दल पहिल्यांदा बोलले. "मी सांगू का त्यांना?"

"नको. मी बघते."

"तू बघतेस ते दिसतंय," मास्तर म्हणाले. "लोक बाईंना कामचुकार म्हणायला लागलेत. माझं तोंड मी किती दिवस बंद ठेवायचं?"

बाल्कनी गेली तर जाऊ दे, एका वेळी तिला असंही वाटलं. पण आई काम अर्धवट टाकून कुठेतरी हवा खायला गेली, असं कुणी म्हणावं? जिने दात दुखत असताना गालाला पंचा बांधून सोफे पोचवले होते, तिच्याबद्दल? आणि ते म्हणायची सोय कुणी करून दिली, तर पोटच्या पोरीने.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून रांगा गेल्या. नाट्यगृहात नव्या रंगाचा वास भरला होता. रंगमंचावर सुतार कशावर तरी ठोकत होता. मास्तरांनी आणि टेम्पोवाल्याने खुर्च्या ओळीत मांडल्या. गडद जांभळं कापड, शिवणी सरळ. मॅनेजर पोटावर हात बांधून उभे होते.

"दिसायला झकास आहेत," ते म्हणाले. "पण बसून कोण बघणार?"

"मी बघते," मुकादम म्हणाली आणि पहिल्या खुर्चीत बसली. ताठ, काठावर, मुलाखतीला आल्यासारखी.

"अहो, असं बसतात होय? बाई कशा पसरायच्या! तुम्ही आपल्या कॉम्प्युटरवाल्या. राग मानू नका, पण हे ज्याचं काम त्यानेच करावं."

"बरोबर आहे. नियम माझाच आहे."

"मग बोलवा की बाईंना. एक फोन करा. म्हणावं, मॅनेजर रुसलाय. येतील, मला माहितीय. माझं आणि त्यांचं चांगलं जमतं."

मास्तर खाली मान घालून एका खुर्चीचा न सुटलेला धागा शोधत होते. मुकादमने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते मदतीला येणार नव्हते. ते काम तिच्या नावावर होतं.

"आई गेली," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी! ऐन वेळी गेल्या! पण कुठे गेल्या, ते तरी सांगाल की नाही?"

वर सुताराने ठोकणं थांबवलं. मॅनेजरांच्या चेहऱ्यावर अजून ते चेष्टेचं हसू होतं आणि तिला त्या हसऱ्या माणसाची फार कीव आली. तिने खुर्चीत जरा मागे सरकून पाठ टेकली. हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. आवाज निघेल का याची खात्री नव्हती, पण तो निघाला, आणि रिकाम्या नाट्यगृहात तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"कुठे नाही हो," ती म्हणाली. "वारली. माझी आई वारली."