मेंदूतली भोकं

चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर बटाट्याच्या हॉटडिश, भट्टीतून काढलेली सगळ्यांच्या घरची भांडी, निवत होत्या, चमच्याला कुणी हात लावत नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत होते. पडद्यावर माझा मेंदू होता.

"बघा, ही काळी भोकं!" डॉक्टर म्हणवणारे ब्लेन गरजले. "इथे उदासी, इथे उन्माद. आजार माझ्यापासून लपत नाही! आणि हा माझ्या कॅप्सूलनी बरा झालेला मेंदू." दुसरा मेंदू गुळगुळीत, केशरी. लोकांच्या तोंडून "अहाहा!"

परवा त्यांच्याच दवाखान्यात मी औषधाची सुई टोचून घेऊन मेंदूचा हा फोटो काढून घेतला होता, तो इथे दाखवायला होकारही दिला होता. बाळंतपणानंतर मला कधी उन्माद, कधी खोल उदासी असा आजार जडला. माझ्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी सावरले होते.

"त्या गोळ्या आजच बंद," ब्लेन माझ्याकडे वाकून म्हणाले. "नाहीतर भोकं वाढतील. आणि बाळाजवळ एकट्या राहू नका."

आठ महिन्यांची एल्सी मांडीवर होती. भोकं पडलेल्या बाईने मूल धरावं तरी कसं?

"आत्या, हिला घे."

मार्गिटआत्याने घेतलं नाही. तिने तीस वर्षं टीव्हीसाठी हवामानाचे नकाशे रंगवलेले.

"थांब गं पोरी. कडेची रंगपट्टी बघ. तुझ्या चित्रात रंग साठ टक्क्यांपासून सुरू, त्याखालचं सगळं काळं. त्या दुसऱ्यात तीसपासून."

"म्हणजे?"

"जानेवारीत आम्ही पाणी गोठायच्या थंडीलाच लाल रंग लावायचो. नाहीतर सगळा नकाशा निळा, लोक चॅनेल बदलायचे. म्हणून काय आपल्या गारठलेल्या दुलुथ गावात ऊन पडलं?"

ती उठून ब्लेन यांच्या संगणकापाशी गेली. "अहो, हिच्या चित्रालाही तीसच लावा की!"

"बाई, हे शास्त्र आहे, स्वयंपाक नव्हे."

"स्वयंपाकातसुद्धा माप एकच ठेवतात!"

"हात लावू नका!"

आत्याने तोवर साठाचे तीस केले होते. माझ्या मेंदूतली भोकं बुजली. एकही कॅप्सूल न घेता.

मागून एक बाई उभी राहून म्हणाली, "मी नवऱ्याच्या गोळ्या बंद केल्यात हो…"

तिला आम्ही तिथूनच तिच्या नवऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संशोधनात पुष्कळ मेंदूंची सरासरी काढतात. पण नुसता फोटो बघून एका माणसाचा असा आजार अजून कुणालाच सांगता येत नाही. तुझा मी तुझ्या झोपेवरून, बोलण्यावरून ओळखला."

बायांनो, रंगीत चित्र दाखवून कुणी घाबरवलं, तर आधी कडेची पट्टी बघा. आणि गोळी सोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

भीती अजून येते. पण एल्सी उठलीय. तिला घ्यायला मी चाललेय, एकटीच.